दम्याच्या मुलीला निवासी शिबिराला पाठवताना

आमच्या लेकीला सहाव्या वर्षी दम्याचं निदान झालं. दहाव्या वर्षी तिने आठवडाभराच्या निवासी उन्हाळी शिबिराला जायचा हट्ट धरला. तोवर ती आमच्याशिवाय राहिली होती ती फक्त नातेवाइकांकडे, म्हणजे जिथे तिचा पंप कुठल्या खणात असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं तिथेच. इथे मात्र अनोळखी मुलं, अनोळखी गाद्या, तलावात पोहणं आणि रात्री शेकोटी. तिला पाठवायचं हे आम्ही दोघांनी लवकरच ठरवलं. कसं पाठवायचं हे ठरवण्यात मात्र फेब्रुवारी ते मे गेले. त्या महिन्यांत काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहिते आहे. मूल दम्याचं नसेल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

फेब्रुवारीत पैसे भरण्याआधी आम्ही शिबिरांना फोन केले. वेळापत्रक आणि खेळांबद्दल माहितीपत्रकात सगळं असतं, ते विचारण्यात वेळ घालवला नाही. विचारलं ते असं: प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती रात्रीही तिथेच मुक्कामाला असते का? जवळचं हॉस्पिटल गाडीने किती मिनिटांवर आहे, आणि रात्री दोन वाजता गाडी आणि चालक दोन्ही जागेवर असतात का? मुलं पाण्यात असताना जीवरक्षक फक्त पाण्याकडे बघतो, की तोच खेळही घेतो? एका मोठ्या माणसाकडे किती मुलं? अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांत मुक्कामी शिबिरासाठी ९ ते १४ वयाच्या दर आठ मुलांमागे एक मोठा माणूस धरलेला आहे. तो आकडा आम्ही मोजपट्टी म्हणून वापरला. शेवटचा प्रश्न विचारताना जरा अवघडल्यासारखं झालं, पण विचारला: एखादा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत किंवा आडोशाला राहू नयेत यासाठी तुमचा नियम काय?

एका ठिकाणी उत्तर आलं, "काही होत नाही हो, इतकी वर्षं घेतोय आम्ही शिबिरं." तो पर्याय आम्ही तिथेच सोडला. दुसऱ्या ठिकाणच्या संयोजकांनी काही प्रश्नांना लगेच उत्तरं दिली, काहींना "विचारून कळवतो" म्हणाले आणि खरंच लेखी कळवलं. माझा कल तेव्हाच त्यांच्याकडे झुकला. फी भरताना परताव्याची अट नीट वाचा. या शिबिरात डॉक्टरांचं पत्र दिलं तर ठरावीक तारखेपर्यंत बरीचशी रक्कम परत मिळणार होती, पण पत्राविना रद्द केलं तर काहीच नाही. दमा ऐनवेळी उसळू शकतो, म्हणून आम्हाला ही ओळ फार महत्त्वाची होती.

मार्चच्या सुरुवातीला कागदांचा संच आला. आरोग्यपत्रक, लसीकरणाची नोंद, औषधं देण्याची परवानगी, तातडीच्या उपचारांसाठी संमतीपत्र, पाण्यातल्या खेळांसाठी वेगळं संमतीपत्र आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. सगळं १५ एप्रिलपर्यंत पोचायला हवं होतं. शिवाय बारीक अक्षरात अशी अट होती की प्रमाणपत्र शिबिराच्या आधीच्या तीस दिवसांतलंच हवं. शिबिर १० मेला सुरू होणार होतं. म्हणजे डॉक्टरांची सही १० ते १५ एप्रिल या मोजक्या दिवसांतच घ्यावी लागणार होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांची वेळ मिळायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, म्हणून मी मार्चमध्येच ११ एप्रिलची वेळ घेऊन ठेवली. तुमच्याकडे कागद आले की आधी तारखांची अशी वजाबाकी करून बघा.

पण डॉक्टरांकडे एकदाच जाऊन भागलं नाही. दम्याच्या मुलांना बहुधा दोन प्रकारचे पंप असतात. एक रोज घ्यायचा, श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारा. दुसरा त्रास झाला की घ्यायचा, पटकन आराम देणारा. रोजच्या औषधात बदल केला तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून शिबिराच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन उपयोग नसतो. आम्ही मार्चच्या मध्यालाच गेलो. रात्री खोकल्याने उठते का, पळताना थांबावं लागतं का, आरामाचा पंप आठवड्यातून किती वेळा लागतो, हे त्यांनी विचारलं. तिला पंप घेऊन दाखवायला सांगितलं, आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, तिच्यातून औषध श्वासाबरोबर आत घेतात) तोंडात नीट धरण्यापासून श्वास सावकाश आत घेण्यापर्यंत सगळं बघितलं. त्याच भेटीत लसीकरणाचं कार्ड तपासून धनुर्वात-घटसर्पाचा या वयातला बूस्टरही दिला. दंड दुखायचा तो मार्चमध्येच दुखून गेला.

आता आरोग्यपत्रकाबद्दल. "काही आजार असल्यास" या प्रश्नापुढे जेमतेम एक ओळ होती. एका ओळखीच्या बाईंनी मला सांगितलं, "दमा लिहू नका, उगाच नाकारतील." हा सल्ला तुम्हालाही कोणी देईल, आणि तो प्रेमानेच देईल. कृपा करून ऐकू नका. मुलीला शेकोटीशेजारी धाप लागली तर तिच्याजवळच्या माणसाला ती दमलीये, रडतेय की घाबरलीये हे कळणार नाही, आणि त्यात जो वेळ जाईल तो आपण परत आणू शकत नाही.

मी त्या ओळीत "दमा, सोबतचं पान पाहावे" एवढंच लिहिलं आणि डॉक्टरांनी भरून दिलेला दम्याचा कृती आराखडा जोडला. त्यात हिरवा, पिवळा, लाल असे तीन भाग असतात. हिरव्यात मूल बरं असताना रोजचं औषध किती आणि कधी. पिवळ्यात खोकला, छातीत घरघर किंवा धाप सुरू झाली तर काय करायचं. लालमध्ये धोक्याची लक्षणं: एक वाक्य सलग बोलता न येणं, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं, आरामाचा पंप देऊनही फरक न पडणं. यातलं एकही दिसलं तर पंप देत राहून लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची, आई-वडिलांना फोन त्यानंतर. हा क्रम मी डॉक्टरांना मुद्दाम लिहायला लावला. पालकांना आधी विचारायच्या नादात मिनिटं जातात.

त्याच्या मागच्या बाजूला मी माझ्या शब्दांत काही ओळी लिहिल्या. डॉक्टरांना माहीत नसतं असं काही आपल्याला माहीत असतं. आमची लेक "मला दम लागलाय" असं कधीच म्हणत नाही. "मला नाही खेळायचं" म्हणते आणि बाजूला जाऊन बसते. खांदे वर ओढलेले असतात, घसा सारखा खाकरत असते, आणि पाणी दिलं तर एका दमात न पिता घोट-घोट पिते. ज्या माणसाने तिला आधी पाहिलेलं नाही त्याला ती रुसलीये असंच वाटेल. धूर, धूळ, जुन्या गाद्या-उशा, थंड हवेत जोरात पळणं आणि सर्दी, ही त्रासाची कारणंही लिहिली.

खरी अडचण आली ती औषधांच्या नियमाची. सगळी औषधं कार्यालयात कुलूपबंद कपाटात राहतील, मुलांजवळ काहीही राहणार नाही. गोळ्या-सिरपांसाठी हा नियम अगदी योग्य आहे. लहान मुलं एकमेकांना औषधं देतात, चुकून जास्त घेतात. पण आरामाचा पंप कपाटात आणि मूल तलावाकाठी, कपाटाची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे, हे चालणार नव्हतं. मी विनंतीचं पत्र लिहिलं. "नियम सर्वांना सारखा" असं उत्तर आलं. त्या दिवशी मला शिबिरच रद्द करावंसं वाटलं. मग ११ एप्रिलच्या भेटीत डॉक्टरांकडून दुसरं पत्र घेतलं. पंप सतत जवळ असणं का गरजेचं आहे, आणि मुलीला तो स्वतः योग्य पद्धतीने वापरता येतो हे त्यांनी तपासून पाहिलंय, अशा दोनच गोष्टी त्यात होत्या. हे दुसरं वाक्य कामाला आलं. संयोजकांनी आमच्याकडून एक हमीपत्र मागितलं, त्यावर आम्ही दोघांनी आणि मुलीनेही सही केली, आणि २८ एप्रिलला लेखी परवानगी आली. एक पंप आणि स्पेसर तिच्या कमरेच्या पाऊचमध्ये, दुसरा संच प्रथमोपचाराच्या खोलीत. रोजचा पंप मात्र कार्यालयात, सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर घ्यायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची. दोन संच घेण्याचा खर्च झाला, पण सगळ्या तयारीत मला सगळ्यात कमी टोचलेला खर्च तोच.

या पंपांविषयी काही बारीक गोष्टी. नवा पंप वापरण्याआधी हलवून दोन-चार पफ हवेत सोडायचे असतात, किती ते सोबतच्या पत्रकात असतं. डोस मोजणारा आकडा असलेला पंप मिळत असेल तर तोच घ्या, रिकामा झालेला पंपही फुस्स आवाज करतो आणि मुलांना वाटतं औषध येतंय. स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि पुसायचा नाही, तसाच निथळू द्यायचा. पुसल्याने प्लास्टिकवर स्थितिक वीज तयार होते आणि औषध आत जाण्याऐवजी भिंतीलाच चिकटतं. दोन्ही पंपांवर मी मोठ्या अक्षरांत "रोजचा" आणि "त्रास झाला तर" अशा पट्ट्या लावल्या. गडबडीत नेमका रोजचा पंप हातात येऊ शकतो, आणि त्याने लगेच आराम पडत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पंप ठेवायचा नाही, हे लेकीला पाठ करून घ्यायला लावलं.

एप्रिलभर घरची तयारी चालू होती. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००७ मध्ये मुलांना घरची आठवण येण्याबद्दल डॉक्टरांसाठी एक अहवाल काढला होता. त्यातला एक सल्ला आम्ही पाळला: "नाही आवडलं तर लगेच न्यायला येतो" असं वचन मुलाला द्यायचं नाही. तसं म्हटलं की आपल्यालाच खात्री नाही हे मुलाला कळतं, आणि पहिल्या रात्री ते त्याच वचनाला धरून बसतं. त्याऐवजी आम्ही तिला मैत्रिणीकडे मुक्कामाला पाठवलं, पत्र लिहायला पाकिटं दिली, आणि आठवण येणारच, ती आली म्हणजे काही बिघडलं असं नाही, हे सांगितलं. दुसरं बोलणं जास्त अवघड होतं. कोणी मोठ्या माणसाने "हे कोणाला सांगू नकोस" म्हटलं तर ते नक्की सांगायचं, कोणाचाही स्पर्श नको वाटला तर मोठ्याने नाही म्हणायचं, आणि शिबिरात कोणाला सांगावंसं वाटलं नाही तर कार्यालयात जाऊन घरी फोन मागायचा. आमचे दोघांचे नंबर तिने तोंडपाठ केले.

सामानाबद्दल थोडक्यात. चालून मुरलेले बंद बूट, टोपी, पाण्याची मोठी बाटली, स्वतःची उशी आणि गादीवर घालायची धुतलेली खोळ. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचं, दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा. किडे-डास पळवणारं मलम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, मग मलम. औषधं मूळ वेष्टनातच ठेवा. सुट्या डबीतली औषधं बहुतेक शिबिरं घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

१० मेला सकाळी पोचलो तर तपासणीसाठी रांग होती. ताप बघितला, केसांत उवा आहेत का पाहिलं, औषधं एकेक करून मोजली आणि दोन्हीकडच्या सह्या झाल्या. सगळं व्यवस्थित वाटत होतं. निघण्याआधी मी लेकीच्या खोलीत राहणाऱ्या ताईंना भेटायचंय असं सांगितलं. विशी-बाविशीची, हसतमुख मुलगी होती. मी "हिच्या दम्याचं पान वाचलंत ना?" विचारलं तर ती गोंधळली. तिच्याकडे फक्त मुलींच्या नावांची यादी होती. तीन महिने खपून तयार केलेलं ते पान कार्यालयातल्या फायलीत होतं, आणि रात्री माझ्या लेकीपासून दोन हातांवर झोपणाऱ्या माणसाला दम्याचा द सुद्धा माहीत नव्हता.

मला राग आला, पण तो त्या मुलीवर नव्हता. मी जादा प्रत नेली होती ती काढली. आम्ही पायरीवर बसून पूर्ण पान वाचलं. लेकीने तिला पंप हलवून, स्पेसरला लावून दाखवला. मग ताईने स्वतः तो हातात घेऊन जोडून पाहिला, पहिल्यांदा उलटा लागला, दुसऱ्यांदा बरोबर. तिने प्रश्न विचारला, "झोपेत खोकत असेल तर उठवायचं का?" फार चांगला प्रश्न होता. उठवायचं, बसवायचं, बोलायला लावायचं. तिने पानाचा फोटो काढून रात्रीच्या पाळीवरच्या दुसऱ्या ताईलाही पाठवला. तुम्ही पाठवणार असाल तर बाकी काही जमलं नाही तरी हे कराच: मुलाच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला भेटा आणि कागद त्याच्या हातात द्या.

नंतरचे दिवस फोन नव्हता. मुलांना फोन द्यायचा नाही हा नियम मला पटलेला होता, तरी संध्याकाळ झाली की जीव थाऱ्यावर नसायचा. १३ मेच्या रात्री फोन वाजला आणि शिबिराचं नाव दिसलं. वारा फिरून शेकोटीचा धूर मुलांच्या अंगावर आला होता, आणि लेक "मला नाही बसायचं" म्हणून उठली होती. ताईने ते ओळखलं. तिला धुरापासून लांब नेलं, ताठ बसवलं, आराखड्यात होतं तसे चार पफ एकेक करून स्पेसरमधून दिले, प्रत्येक पफनंतर चार श्वास, मग चार मिनिटं थांबून पाहिलं. (हे प्रमाण आमच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी लिहिलेलं आहे, तुमच्या मुलाचं तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.) तोवर श्वास सुधारला होता. मी विचारलं, पूर्ण वाक्य बोलतेय का? पफ किती वाजता दिले? आज रात्री तिच्याजवळ कोण आहे? उत्तरं सरळ आणि तयार होती, वेळा लिहून ठेवलेल्या होत्या. नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. आम्ही गेलो नाही. रात्री दोनदा तिला तपासलं, असा सकाळी पुन्हा फोन आला. ती रात्र मला नीट झोप लागली नाही, आणि ते मी कोणापासून लपवत नाही.

शिबिरात आणखी काय झालं ते लेक परतल्यावर कळलं. दोन मुलांना उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं, पाण्यातून क्षारसंजीवनी दिली आणि बाकीच्यांना सॅनिटायझर बाजूला ठेवून साबण-पाण्याने हात धुवायला लावले. पोटाच्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून हे अगदी बरोबर होतं. एकदा ढगांचा गडगडाट ऐकू आल्याबरोबर सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत सोडलं नाही. मुलं चिडली होती म्हणे. पोहताना प्रत्येकाला जोडीदार दिलेला होता, शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, ओरडायला श्वासच नसतो, म्हणून ही मोजणी पोहता येणाऱ्या मुलांसाठीही हवी.

१७ मेला घ्यायला गेलो तेव्हा औषधांच्या नोंदवहीची प्रत मागून घेतली. पंपावरचा आकडा आणि नोंदी जुळत होत्या. घरी आल्यावर आंघोळीआधी गोचिडींसाठी अंग तपासलं: कानांमागे, काखेत, कमरेला, गुडघ्यांच्या मागे, केसांच्या कडेला. डाव्या गुडघ्यामागे एक निघाली. चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून, न पिळता सरळ वर ओढली, जागा साबणाने धुतली, तारीख लिहून ठेवली आणि पुढचे काही आठवडे ताप किंवा चट्टा येतो का यावर लक्ष ठेवलं. काही झालं नाही. गोचिडीवर तेल ओतणं किंवा चटका देणं हे करू नका, त्याने ती लवकर सुटत नाही आणि धोका वाढू शकतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नोंदवहीची प्रत घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शेकोटीच्या रात्रीच्या वेळा वाचल्या आणि आराखड्यात एक ओळ वाढवली: धुराच्या ठिकाणी ती धूर जिकडे जातो त्याच्या उलट बाजूलाच बसेल, आणि पंप पाऊचमध्ये न राहता तिच्या हातात असेल. शिबिरालाही मी लेखी कळवलं. काय चांगलं झालं ते आधी, आणि आरोग्याचं पान खोलीतल्या ताई-दादांपर्यंत पोचलं नव्हतं हे स्पष्ट शब्दांत. त्यांचं उत्तर आलं की यापुढे ते पान वाचल्याची खोलीप्रमुखाची सही घेतली जाईल. पुढच्या उन्हाळ्यात लेकीला पुन्हा जायचंय. तेव्हा ती सही झालेला कागद मी निघण्याआधी बघायला मागणार आहे, आणि जादा प्रत तरीही सोबत नेणार आहे.